दुसऱ्या गुडघ्याचं काय?

आमच्या शेजारच्या पद्मामामींचा उजवा गुडघा दुखायचा. डावाही दुखायचा, पण उजव्याची तक्रार जास्त. त्यांना कुणीतरी कुंभकोणमहून एक काळं तेल आणून दिलं. मामी तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी आणि मध्ये मध्ये तमिळची फोडणी. पंधरा दिवसांनी त्या आमच्या दारात आल्या आणि नाचायचंच काय ते बाकी ठेवलं.

"पाहा कीं हो, गुडघा रोंब, फारच बरा जाहला! जिना चढून आलें!"

माझी बायको ताटात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मामी, तेल कुठल्या गुडघ्याला लावलं?"

"उजव्या."

"आणि दुसऱ्या गुडघ्याचं काय?"

मामींनी डावा पाय उचलला, दोनदा जमिनीवर आपटून बघितला. "अय्यो! तोही बरा जाहला!"

"त्याला तेल लावलं नव्हतं ना?"

"नाहीं."

"मग तेलानं काय केलं?"

मामींचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "पाहा तेलाची शक्ती! एका गुडघ्यास लाविलें, दोन्ही बरे केले!"

बायको हसून हसून ताटासकट कलंडली. तांदूळ गॅलरीभर. मी वेचत होतो आणि ती भिंतीला टेकून डोळे पुसत म्हणत होती, "अहो, मामींना आमच्या लॅबमध्ये न्यायला पाहिजे. आमच्याकडे मोठमोठे लोक हेच करतात, फक्त इंग्रजीत."

ही माझी बायको. चेन्नईतल्या एका लॅबमध्ये सीनियर सायंटिस्ट होती. स्वादुपिंडाचा कॅन्सर हा तिचा विषय. स्वादुपिंड म्हणजे पोटात पार मागे लपून बसलेला अवयव, आणि तिथला कॅन्सर म्हणजे सगळ्यांत लबाड. बोंब होते तेव्हा उशीर झालेला असतो. तीस वर्षं ती त्याच्या मागे होती. आणि मी कोण? आठवी पास, चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी कारखान्यात लेथवरचा टर्नर. सोसायटीत तिला 'सायंटिस्टबाई' म्हणायचे, मामी लाडानं 'दुसरा गुडघा' म्हणायच्या. मीही घरात तिला 'सायंटिस्ट' म्हणूनच हाक मारायचो. नावानं मारली तर ऐकू यायची नाही, डोकं कुठेतरी पेशींत असायचं. सायंटिस्ट म्हटलं की लगेच 'ओ' द्यायची.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. हृदयानं. लोक दबक्या आवाजात विचारतात, "तोच रोग का हो?" तो नाही. हॉस्पिटलात तिनं मला बजावून ठेवलं होतं, "कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगा, तिचं स्वादुपिंड शेवटपर्यंत ठणठणीत होतं." म्हणून सांगितलं.

मी सरळ बोलणारा माणूस आहे. मला तिच्याकडून आयुष्यभर एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते द्यायला या बाईनं सेहेचाळीस वर्षं लावली. तेवढं सांगतो. पण त्यासाठी आधी आमचं लग्न सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथलाच.

मी कराडकडचा, ती पण तिकडचीच. माझ्या वडिलांची अट होती, मुलगी फार शिकलेली नको, डोक्यावर बसेल. तिच्या वडिलांची अट होती, मुलगा निदान मॅट्रिक हवा, सरकारी नोकरी हवी. नोकरी माझी होती. मॅट्रिकचं म्हणाल तर मी नववीत दोनदा नापास होऊन कारखान्यात अप्रेंटिस लागलो होतो. मधे होते तिचे एक मामा. दोन्हीकडच्या अटी त्यांनी ऐकल्या आणि दोन्हीकडे सांगितलं, "मॅट्रिक आहे." झालं लग्न. वऱ्हाडी जेवले, आम्ही गाडीत बसून मद्रासला आलो, तेव्हा मद्रासच म्हणायचे.

दोन महिन्यांनी तिच्या ट्रंकेत पातळांच्या खाली मला एक कागदाची गुंडाळी सापडली. इंग्रजी, खाली लाल शिक्का. मला वाटलं जमिनीचा कागद असेल. कारखान्यापुरतं इंग्रजी मला वाचता येत होतं, पण हे काही लागेना. मी तो डब्यात घालून कारखान्यात नेला आणि आमच्या तमिळ सुपरवायझरला दाखवला. तो वाचत वाचत खुर्चीतून उठला. मला वाटलं, पोलिसांचं काही आहे. तो म्हणाला, "तुझ्या घरी बी.एस्सी. आहे. फर्स्ट क्लास."

संध्याकाळी घरी आलो आणि कागद तिच्यापुढे धरला. "हे काय?"

"बी.एस्सी."

"आम्हाला मॅट्रिक सांगितलं होतं!"

ती शांतपणे म्हणाली, "हो. आता तुमचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाखवा."

स्टोव्हवर भात उतू जायला लागला तरी मी कागदाची गुंडाळी करत राहिलो. शेवटी तिनंच स्टोव्ह बारीक केला आणि बोटं मोजली. "मी मॅट्रिकच्या चार वर्षं पुढे, तुम्ही तीन वर्षं मागे. सरासरी काढली तर मामा फारसं खोटं बोलले नाहीत." आणि जी हसायला लागली! मीही हसलो. शेजारी तेव्हा पद्मामामी नवीनच राहायला आल्या होत्या, त्यांना वाटलं या मराठी जोडप्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारलं, "माझ्याशी लग्न करून तुझी चूक झाली का गं?"

ती म्हणाली, "अजून ठरलं नाही."

मला वाटलं, नवी नवरी आहे, लाजत असेल. कसली लाजते! ते तिचं शास्त्र होतं. कशावरही पटकन हो म्हणायचं नाही. तीनदा जमल्याशिवाय मी सही करत नाही, हे तिचं वाक्य. लॅबमध्ये तर करायचीच, घरीही तेच. नवीन चहापूड आणली की दोन कप चहा, एक जुन्या पुडीचा, एक नव्या. कपांच्या बुडाला खडूनं खूण. मी चव घेऊन सांगायचं. आणि एकदा नाही, तीन दिवस, रोज कप बदलून. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हणायचो, "अगं, चहा आहे, औषध नाही!" ती वहीत लिहायची, 'तिसऱ्या दिवशी परीक्षक चिडला.' आता मी एकटाच एक कप करतो. तो बरा झाला की वाईट, काही समजत नाही. कशाशी ताडून बघणार?

तिला पुढे शिकायचं होतं. मी म्हटलं, शीक. त्यात माझा मोठेपणा काही नाही. बी.एस्सी. बाईला घरी बसवून तिच्याकडून भाकऱ्या थापून घ्यायच्या म्हणजे चांगल्या लेथवर पापड लाटण्यासारखं. ती शिकत गेली, मी शिफ्ट सांभाळत गेलो. मधे मुलगी झाली, तिला दूध मी पाजलं, वेण्या मी घातल्या. कारखान्यात एक जण म्हणाला, "शिकव, शिकव. एक दिवस उडून जाईल." त्याच्या नाकावर मी ठोसा मारणार होतो, पण तोच शब्द माझ्या पोटात जाऊन बसला, हेही खरं.

तिची पीएच.डी. झाली त्या दिवशी चहापान होतं. बाकीच्या बायकांचे नवरे डॉक्टर, प्रोफेसर. मी कोपऱ्यात बशी धरून उभा. एकानं इंग्रजीत विचारलं, तुम्ही कुठल्या संस्थेत? मी म्हटलं, "सेकंड शिफ्ट." ती लांबून आली आणि सगळ्यांना म्हणाली, "हे लेथवर आहेत. यांचं काम केसाच्या दहाव्या हिश्शाइतकं बरोबर लागतं, नाहीतर माल परत येतो. मी इतकी अचूक नाही." माझी छाती अशी फुगली की बशीतला वडा पडला. घरी येताना बसमध्ये मी दुसऱ्यांदा विचारलं, "आता तरी सांग, चूक झाली का?"

"अजून ठरलं नाही."

पेशींना रविवार नसतो, हे मला लग्नानंतर कळलं. लॅबमध्ये रोग्यांच्या गाठीतल्या पेशी बश्यांमध्ये वाढवतात. त्यांना दर दोन दिवसांनी गुलाबी पाण्यासारखं खाणं द्यावं लागतं, नाहीतर मरतात. पोंगल असो, दिवाळी असो. लोक सणाला देवळात जायचे, आम्ही स्कूटरवर बसून कॅन्सरला जेवण घालायला. पहिल्या अंघोळीचं उटणं अंगाला, मागे बायको, तिच्या मांडीवर चकलीचा डबा वॉचमनसाठी. वॉचमन मला विचारायचा, "सार, आज पण?" मी म्हणायचो, "सवतीला भूक लागलीय."

एका रविवारी तिनं मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. एक बशी चांगल्या पेशींची, एक वाईट. (एकटी वाईट कधीच दाखवायची नाही. दुसरा गुडघा आधी.) चांगल्या पेशी शेजाऱ्याला टेकल्या की थांबलेल्या, फरशीसारख्या नीट. वाईट एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मी बराच वेळ बघितलं आणि म्हटलं, "यांचा स्टॉप निघालाय."

"म्हणजे?"

"लेथवर आम्ही स्टॉप लावतो. हत्यार तिथपर्यंत गेलं की थांबतं. स्टॉप निघाला तर ते कापतच जातं, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, खलास. यांना थांब म्हणणारं काहीतरी निघून पडलंय."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या पोरांपुढे तिनं भाषण दिलं, त्यात लेथ, स्टॉप सगळं सांगितलं आणि वर, "हे मला एका तज्ज्ञानं समजावलं." मुलगी तिथे होती, तिनं येऊन सांगितलं. मी दोन दिवस कुणाशी साधं बोललोच नाही, तज्ज्ञासारखं बोललो.

मग मी तिच्यासाठी एक ठोकळा केला. तिच्या बारक्या नळ्या बर्फात उभ्या ठेवायच्या असतात, आणि परदेशी प्लास्टिकचं स्टँड बर्फ वितळला की तरंगायचं. मी साहेबांना विचारून भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला, त्याला चोवीस भोकं पाडली, आरशासारखा घासला. तिनं नेला आणि परत आणला. "तेरावं भोक घट्ट आहे." मी मोजलं. घट्ट होतं! केसभर, पण होतं. दुरुस्त केलं. मग तिनं तीन आठवडे माझा ठोकळा आणि परदेशी स्टँड शेजारी शेजारी ठेवून तपासलं आणि एक दिवस येऊन म्हणाली, "तुमचा ठोकळा पास." वर तिनं मार्करनं लिहिलं, 'आवडी–१'. अजून लॅबमध्ये आहे, पोरं तेच वापरतात. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण मनात आलं, ठोकळ्याचा निकाल तीन आठवड्यांत, आणि नवऱ्याचा वीस वर्षं लटकलेला!

त्याच सुमाराला तिनं वटपौर्णिमेला माझी अब्रू काढली. आमच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या मराठी बायका शाळेमागच्या वडाला जमायच्या. तीही जायची. "मी फणसासाठी येते," असं उघड सांगायची. त्या वर्षी बायका सात फेरे घालून सात जन्म हाच नवरा मागत होत्या. हिनं तीन फेरे घातले, दोरा दातानं तोडला आणि फणसाकडे वळली. कुलकर्णीकाकू ओरडल्या, "अगं, सात!"

ही म्हणाली, "सात कशाला? तीन पुरेत."

दुपारच्या शिफ्टला मी कारखान्यात पोचेपर्यंत बातमी तिथे पोचली होती. "काय रे, तुझे चार जन्म कापले म्हणे! ओव्हरटाइम बंद!" लेथच्या आवाजातही हसणं ऐकू येत होतं. मी घरी येऊन अबोला धरला. चार दिवस. कापलेल्या एका जन्माला एक दिवस. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "बरं." आणि पेशींना जेवण घालायला गेली. इतकी हुशार बाई, पण नवरा कशानं रुसला ते तिला मायक्रोस्कोप लावूनही दिसायचं नाही.

आता माझी चूक सांगतो. मोठी चूक आहे, आणि ती माझ्यासारखाच माणूस करू शकतो.

मी निवृत्त झालो होतो. कारखान्यातल्या लोकांनी मिळून बांधलेल्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, पद्मामामीही शेजारी आल्या. एका मंगळवारी सायंटिस्ट गुणगुणत घरी आली. ही बाई कधी गुणगुणत नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "दोन औषधं एकत्र दिली. उंदरांच्या गाठी निम्म्या झाल्या. पण अहो, एकदाच झालंय. कुणाला बोलू नका."

कुणाला बोलू नका! दुसऱ्या दिवशी ती लॅबला गेली आणि मी मिठाईच्या दुकानात. सोसायटीत तीस बिऱ्हाडं. एकही दार सोडलं नाही. "पेढा घ्या! आमच्या सायंटिस्टनं कॅन्सरचं औषध काढलं!" मराठीत सांगितलं, तमिळमध्ये सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या बिहारींना हिंदीत सांगितलं. मामींनी चार पेढे खाल्ले आणि माझ्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी जमिनीपासून वीतभर वर चालत होतो. मला वाटत होतं, बघा म्हणावं, आठवी पास नवऱ्याच्या घरात काय झालं ते बघा.

रविवारी सकाळी बेल वाजली. मामी, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे थोरले भाऊ गोपाळराव, शहरातल्या मैलापूरहून आलेले. धोतरासारखी स्वच्छ वेष्टी, कपाळाला गंध, हातात पिवळी कापडी पिशवी. पिशवीत त्यांच्या बायकोची फाइल. तिला हाच रोग, तीन महिन्यांपूर्वी कळलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. गोपाळरावांनी पिशवी सायंटिस्टच्या पायाशी ठेवली.

"बाई, औषध द्यावें."

"कसलं औषध?"

मामी म्हणाल्या, "आम्ही पेढे खाल्ले ना!"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं.

मग ती गोपाळरावांच्या शेजारी जमिनीवर बसली. "हे बघा, उंदरांवर एकदा जमलं. एकदाच."

गोपाळराव म्हणाले, "मग माझ्या बायकोस उंदीर समजा. पण द्या."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं. मला मनातून वाटत होतं, हिनं काहीतरी गोड बोलावं. बघू म्हणावं, करू म्हणावं. माझ्या पेढ्यांची लाज राखावी.

ती म्हणाली, "गोपाळराव, मी देणार नाही. ते औषध आहे की नाही हेच मला अजून माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला यावं लागलं नसतं, मीच मैलापूरला धावत आले असते." मग तिनं फाइलमधला प्रत्येक कागद वाचला. दोन तास. प्रत्येक कागदात काय लिहिलंय ते त्यांना सांगितलं, जे कुठल्याच डॉक्टरनं बसून सांगितलं नव्हतं. आणि शेवटी विचारलं, "वहिनींना दुखतं का फार?"

गोपाळरावांनी मान हलवली.

"दुखणं थांबवता येतं. हे ठरलेलं आहे. हे तीनदा नाही, हजारदा झालंय." तिनं दुखणं थांबवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईला तिथल्या तिथे फोन लावला, सोमवारची वेळ घेतली, पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून पिशवीत ठेवला. गोपाळराव कॉफी प्यायले. जाताना त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि मला वाटतं, ते आले होते त्याहून थोडे कमी वाकलेले गेले.

दार लागलं. ती म्हणाली, "उठा. चपला घाला."

"कुठे?"

"तीस दारं."

आणि तिनं मला प्रत्येक दारात उभं केलं. ती शेजारी हाताची घडी घालून, आणि बोलायचं मी. "एकदाच जमलंय. अजून ठरलं नाही. मी उगाच बोललो." पहिल्या चार दारांत मी पायपुसण्याकडे बघून बोललो. दहाव्या दारापर्यंत मी सरावलो. वीस दारांनंतर तर मी रंगातच आलो आणि सांगायला लागलो, "पेढे खाल्ले ते खाल्ले, बातमी तेवढी परत द्या!" तिसऱ्या मजल्यावरचा बिहारी खरंच आत गेला आणि उरलेला पेढा घेऊन आला. तेव्हा ही जिन्यात बसली आणि पोट धरधरून हसली. मी पण. गुन्हेगार आणि पोलीस एकाच पायरीवर बसून हसत होते.

पुढे दुसऱ्या वेळी ते औषध थोडं चाललं. तिसऱ्या वेळी अजिबात नाही. त्या दिवशी ती घरी आली आणि पुरणपोळ्या करायला घेतल्या. मी विचारलं, "गोड कशाबद्दल?" म्हणाली, "एक चुकीची वाट बंद झाली. मागून येणाऱ्यांना तिकडून जायला नको." पण चित्त ठिकाणावर नव्हतं. तीन पोळ्या लाटल्या, तिन्ही करपल्या. मी तिन्ही ताटात शेजारी शेजारी ठेवल्या, नीट तपासल्यासारख्या बघितल्या आणि म्हटलं, "तीनदा सारखीच करपली. आता सही कर." तेव्हा कुठे ती हसली, आणि हसता हसता रडली. सात वर्षांचं काम होतं ते.

गोपाळरावांची बायको चार महिन्यांनी गेली. ते सांगायला आले. म्हणाले, "दुखलें नाहीं तिला. तुम्ही जेवढें सांगितलें, तेवढें खरें झालें." त्या दिवसापासून मी तिला तो प्रश्न विचारणं बंद केलं. मला कळलं होतं, ही बाई कुणाला बरं वाटावं म्हणून हो म्हणत नाही. आणि आपण खोटं हो मागत फिरतोय, हेही कळलं.

शेवटी मात्र राहवलं नाही. हॉस्पिटल, सकाळचे अकरा. मुलगी चेन्नईबाहेरच्या ओरगडमहून रजा काढून आली होती, ती खाली कॉफी आणायला गेलेली. सायंटिस्ट उशीला टेकून सिस्टरला विचारत होती, या गोळीनं पायाची सूज उतरली की पाय वर ठेवल्यामुळे. सिस्टर पळाली. मी खुर्ची जवळ ओढली.

"अगं सायंटिस्ट."

"ओ."

"आता तरी सांग. माझ्याशी लग्न करून तुझी चूक झाली का? एखादा शिकलेला मिळाला असता. प्रोफेसर."

"दुसरा गुडघा कुठून आणू?" ती म्हणाली. "प्रोफेसराशी संसार केलाच नाही, तर ताडून कशाशी बघू?"

"मग नाही सांगणार?"

"एकदाच केलंय ना. एकदा जमलेल्यावर मी सही करते का?"

"जमलं म्हणालीस!" मी खुर्चीतून उठलो. "आत्ता तू जमलं म्हणालीस!"

"एकदा," तिनं बोट वर केलं. धाप लागत होती तरी डोळे हसत होते. "अजून दोनदा करायला पाहिजे. तीन पुरेत. वडाखाली सांगितलं होतं ना सगळ्यांना."

म्हणजे तीन फेरे हे तीन प्रयोग होते, तिन्ही माझ्याशीच! माझे चार दिवस डोळ्यांपुढे आले. त्या चार दिवसांच्या अबोल्याची मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की काय सांगू! शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती.

"पुढचा जन्म तू मानतेस?" मी विचारलं.

"नाही. पुरावा नाही. पण तयारी ठेवायला काय हरकत आहे?" मग ती गंभीर झाली, लॅबमध्ये पोरांना सूचना द्यायची तशी. "फक्त काही बदलायचं नाही हं. एक गोष्ट बदलली की प्रयोग बिघडतो. माणूस तोच पाहिजे. मामा तेच. मी ट्रंकेत कागद लपवीन, तुम्ही तो डब्यात घालून न्यायचा. आणि शिकूनबिकून येऊ नका. नववीत नापास व्हायचं. दोनदा."

मी म्हटलं, "ते माझ्याकडे लागलं. त्यात माझा हातखंडा आहे."